एस्टीम ट्रॅकवर न्यायची आहे? आधी हब, बेअरिंग आणि बोल्ट बघ

सोलापूरच्याच एका मुलाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. वडिलांची २००४ ची मारुती एस्टीम घरी उभी आहे, रोजच्या वापरातून काढलेली. ती घरीच तयार करून कोईमतूरच्या करी या शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची आहे. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप-स्प्रिंग), चार पिस्टनचे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग), सतरा इंची अलॉय चाकं, रोल केज (गाडीच्या आत बसवायचा पाइपांचा पिंजरा) अशी बाहेरून मागवायची यादी तयार आहे. यातलं लोकल काय घ्यावं, बाहेरून काय मागवावं आणि सोलापुरात ते नीट बसवून कोण देईल?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. ती यादी आहे तशी बाजूला ठेव. पहिल्या वर्षाचा पैसा बेअरिंग, बुश, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, रेडिएटर, टायर आणि सीट-बेल्ट यांत घाल. यातला बराचसा माल पुण्यात, हैदराबादला नाहीतर इथेच मिळतो. बसवायचं काम सोलापुरात उत्तम होतं, फक्त रोल केज सोडून. मी सव्वीस वर्षं गाड्यांचं काम करतोय, त्यातली अकरा-बारा वर्षं ट्रॅकच्या गाड्यांचं. ट्रॅकच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या भरपूर बघितल्या. महागडा पार्ट मोडला म्हणून थांबलेली गाडी क्वचितच दिसली. पार्ट ज्या जागेत बसतो ती जागा, नाहीतर त्याला धरून ठेवणारा बोल्ट, गाडी दगा देते ती तिथे. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

गाडी मात्र चांगली निवडलीस, ती बदलू नकोस. तुझ्या एस्टीममध्ये १२९८ सीसीचं सोळा वॉल्वचं जी१३बीबी इंजिन आहे, ८५ बीएचपीचं, आणि अख्ख्या गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास. हलकी गाडी ब्रेकला, टायरला आणि खिशाला, तिघांनाही सोपी जाते. एस्टीम २००७ साली बंद झाली, त्यामुळे पार्ट मिळतील का ही धास्ती वाटणारच. पण हेच इंजिन जिप्सी किंगमध्ये होतं, वर्सामध्ये होतं आणि २००५ मध्ये आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही होतं. काउंटरवर जाऊन ‘एस्टीमचे रिंग-पिस्टन आहेत का’ विचारलंस तर माणूस मान हलवतो. तेच जिप्सीचे माग, मग तो माळ्यावर चढतो. जिप्सीत इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसतं आणि तुझ्या गाडीत आडवं, म्हणून संप, मॅनिफोल्ड, माउंटिंग यांचा मेळ बसणार नाही. पोटातल्या भागांसाठी मात्र जिप्सी आणि स्विफ्टचा पार्ट नंबर तुझ्या नंबरशी ताडून बघ. ‘बसतंय बघा, चालतंय’ या शब्दावर काहीही घेऊ नकोस. जुना भाग रुमालात बांधून सोबत ने, व्हर्नियर खिशात ठेव आणि काउंटरवरच माप घे.

आणखी एक. बाहेरच्या देशांत हीच गाडी सुझुकी कल्टस आणि स्विफ्ट या नावांनी विकली गेली, अमेरिकेत तिला जिओ मेट्रो म्हणत. परदेशातून काही मागवायची वेळ आलीच तर शोध या नावांनी घे, ‘एस्टीम’ टाकलंस तर भलत्याच सुझुकीचे पार्ट दिसतील. अमेरिकेतला स्टीअरिंग रॅक आणि पेडलचा जोड मात्र घेऊ नकोस, डाव्या-उजव्या हाताचा फरक पडतो.

आता बेअरिंग. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय.

काही वर्षांपूर्वी एक झेन तयार केली होती. पुढची बेअरिंग दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून आणली. डबा मोठ्या कंपनीचा, शिक्का बरोबर, भाव थोडा कमी. घाईत होतो, घेतली. गाडी टेम्पोवर चढवून हजारेक किलोमीटर कोईमतूरला नेली. अकराव्या फेरीला डाव्या बाजूने घूं-घूं सुरू झालं, उजव्या वळणात वाढायचं, सरळ आल्यावर दबायचं. गाडी चालवणाऱ्या मुलाला लगेच आत बोलावलं. चाक वरखाली हलवलं तर हातात खटखट. रात्री बेअरिंग उघडलं. आतला पिंजरा वाकडा ठोकलेला, गोळ्यांवर डाग, ग्रीस काळं पडून एका बाजूला गोळा झालेलं. तशाच अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या तर चाक गाडीला सोडून गेलं असतं. आम्ही दोन हजार किलोमीटरचा प्रवास अकरा फेऱ्यांसाठी केला आणि त्या मुलाचा जीव थोडक्यात वाचला. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासकट. एसकेएफचं असेल तर त्यांचं एक ॲप आहे, त्यात बेअरिंगचे आणि डब्याचे फोटो पाठवले की माल खरा की खोटा ते कंपनी कळवते. बसवण्याआधी पाठव. बेअरिंगवर कोरलेली अक्षरं नखाने तपास. खऱ्या मालावर ती बारीक, सरळ आणि सारख्या खोलीची असतात. दुकानदार ‘एवढं काय बघताय’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठ.

पण खरं बेअरिंगसुद्धा बसवताना मारता येतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तेच होतं. मी नकल (चाकामागचा भाग, त्यात बेअरिंग आणि बेअरिंगमध्ये चाक धरणारा हब बसतो) घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे जातो. त्याचे वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुना लेथ घेतला, मुलगा आजही त्यावरच काम करतो. पूर्व भागातल्या यंत्रमागांचे शाफ्ट, साखर कारखान्यांचे रोलर, पंपांचे बुश, हे त्याचं रोजचं काम. मापात बसवणं म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही. तो आधी नकलचं बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, पुसतो, बोट फिरवतो, मग बोअर गेजने तीन ठिकाणी माप घेतो आणि प्रत्येक ठिकाणी गेज काटकोनात फिरवून पुन्हा बघतो. जुनं बेअरिंग बोअरमध्ये फिरलेलं असेल तर आतली भिंत घासून मोठी झालेली असते. काही मिस्त्री अशा बोअरला आतून पंचाचे टिंब मारतात, म्हणजे धातू वर येतो आणि बेअरिंग घट्ट वाटतं. ट्रॅकवर ते टिंब अर्ध्या तासात चपटे होतात. बोअर मापाबाहेर गेलं की नकल बदल, दुसरा इलाज नाही.

बसवायच्या आदल्या रात्री बेअरिंग पिशवीत घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेव आणि नकल दुपारी उन्हात. आपलं मे महिन्याचं ऊन या कामाला पुरेसं आहे, हात लावला की चटका बसतो. मग प्रेसखाली दाबताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. बेअरिंग नकलमध्ये घालताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (रिंगवर), आणि हब बेअरिंगमध्ये घालताना आतल्या रेसला खालून आधार. माझा लेथवाला त्यासाठी बाहेरच्या रेसच्या मापाचं एक कडं तिथेच टर्न करून घेतो, दहा मिनिटांचं काम. ते कडं नसेल आणि जोर गोळ्यांमधून गेला तर बेअरिंगच्या आत बारीक खळगे पडतात. दिसत काहीच नाही, बेअरिंग नवंकोरं, आणि पंचवीस फेऱ्यांनी आवाज सुरू. हातोडीने बेअरिंग ठोकणाऱ्या गॅरेजमधून नकल उचलून परत ये.

लेथवाल्याकडे कधी जायचं हेही लक्षात ठेव. पावसाळ्यात, गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी, कारखान्यांच्या दुरुस्तीची कामं या लोकांवर येऊन पडतात. तेव्हा तुझा हब आठ-आठ दिवस कोपऱ्यात पडून राहील. हंगाम चालू झाला की त्यांना जरा उसंत असते.

हब बसला की डिस्क लाव, नट आवळ आणि डायल गेज लावून हाताने फिरव. काटा ०.१ मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. जास्त हलत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी ती काढून हबचा तोंडाचा भाग तपास. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी काटा डोलतो. तारेच्या ब्रशने घासायचं, कपड्याने पुसायचं, पुन्हा मोजायचं.

लोअर आर्मचे (नकलला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश नवे टाक, मूळ रबराचेच. ट्रॅकसाठी पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात, ते पुढच्या वर्षी बघू. रबरी बुशचा बोल्ट चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नसतो. बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) असताना आवळलंस आणि मग खाली उतरवलीस, की ते रबर जन्मभर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लाव, गाडी चारही चाकांवर उभी कर, दोनदा दाबून हलव, मग खाली शिरून टॉर्क पान्याने आवळ. जागा अडचणीची असते, पण करायचं असंच.

ब्रेकसाठी तुला चार पिस्टनचे कॅलिपर हवेत. मी सांगतो, नकोत. मोठ्या पिस्टनला मास्टर सिलिंडरमधून जास्त ऑइल लागतं, तुझा मूळ मास्टर तसाच राहिला तर पेडल खोल जाईल. शिवाय कॅलिपर नकलवर बसवायला वेगळा ब्रॅकेट लागेल, आणि तो ब्रॅकेट बनवणारा माणूस भाराने ताण किती येतो याचा हिशेब करणारा हवा. मूळ कॅलिपर उघड, सील किट बदल, स्लाइड पिन मऊ चालू दे, चांगल्या दर्जाचे पॅड टाक. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर गळत नाही ना ते बघ. एवढं केलेली ९०० किलोची गाडी करीवर व्यवस्थित थांबते.

खरी कसोटी ब्रेक ऑइलची. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, आखूड, वळणं पाठोपाठ येतात, ब्रेकला गार व्हायला वेळ मिळत नाही. डॉट ३ ऑइल ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेल्या डॉट ३ चा आकडा १४० वर येतो, डॉट ४ चा १५५ वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून सीलबंद डॉट ४ किंवा डॉट ५.१ घे, प्रत्येक ट्रॅक दिवसाच्या आधी सगळं बदल आणि उरलेली बाटली टाकून दे. नुसतं डॉट ५ लिहिलेलं घेऊ नकोस, ते सिलिकॉनचं असतं आणि तुझ्या ऑइलमध्ये मिसळत नाही. ५ आणि ५.१ या आकड्यांत पुष्कळ जण फसतात.

आणि बोल्ट. कॅलिपरचा, लोअर आर्मचा, बॉल जॉइंटचा, स्टीअरिंगचा, सीटचा. पिवळं पॉलिश असलेला म्हणजे हाय टेन्साइल, असा आपल्याकडे समज आहे. पिवळा रंग फक्त गंज रोखणाऱ्या थराचा असतो. बघायचं ते डोक्यावर कोरलेला आकडा. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की तुटायचा ताण ८०० मेगापास्कल, आणि पुढचा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. चकचकीत स्टेनलेसचा ए२-७० बोल्ट दिसायला भारी, पण ७०० वर तुटतो, म्हणजे साध्या ८.८ पेक्षा कमी. डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट गाडीच्या या पाच जागांवर लावायचा नाही. लांबीही अशी निवड की जिथे दोन पत्रे एकमेकांवर सरकू बघतात तिथे बोल्टचा सपाट भाग येईल, आटे येणार नाहीत.

तुझं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, तिथे उलटा धोका. लांब पान्याने जोर लावलास की ब्लॉकमधले आटे धातूसकट बाहेर येतात. तसं झालं तर एम-सील भरून वेळ मारून नेऊ नकोस. लेथवाल्याकडे हेलिकॉइल (आट्यांची पोलादी गुंडाळी) घालून घे, ते मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ होतं. पण टॉर्क पाना घेशील तर ही वेळच येणार नाही. यादीतल्या अलॉयच्या पैशातून पहिल्यांदा टॉर्क पाना आण.

अलॉयबद्दल थोडं. तुझ्या एस्टीमच्या चाकाचा पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास) ४ गुणिले ११४.३ आहे, २००५ नंतरच्या स्विफ्टचा ४ गुणिले १००. स्विफ्टचे अलॉय बाजारात ढिगाने, म्हणून काही जण एस्टीमचा हब नव्याने भोकं पाडून घेतात. तसं करू नकोस. जुन्या आणि नव्या भोकांमध्ये धातूची भिंत उरते किती ते एकदा कागदावर काढून बघ. सुझुकीच्या स्टडचे आटे १२ गुणिले १.२५ असतात, होंडाचे १२ गुणिले १.५. होंडाचा नट सुझुकीच्या स्टडवर दोन फेरे जातो, मग अडकतो, आणि पोरं पाइप लावून तो घट्ट करतात. स्टड तिथेच मेला. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाचं सेंटर रिंग टर्न करून घे. चाकं मूळ १३ इंची नाहीतर फार तर १४ इंची ठेव. सतराचं चाक जड, टायर महाग आणि कमानीला घासणार. टायर घेताना कडेचा चार आकडी कोड वाच, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात चार वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून देतात, त्याचं रबर टणक झालेलं असतं.

कॉइलओव्हरला पहिल्या वर्षी नाही म्हण. नवे शॉकअप टाक, शक्य असेल तर थोडी कडक स्प्रिंग. स्प्रिंग गॅसने कापून गाडी खाली बसवायची पद्धत आपल्या भागात फार आहे. त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो, टोक प्लेटमध्ये बसत नाही आणि गाडी उडाली की स्प्रिंग जागा सोडते. गाडी फार खाली बसली की लोअर आर्म वरच्या बाजूला वळतो आणि खड्ड्यावर चाक आपोआप वळायला लागतं. आधी या गाडीवर दहा-बारा तास घाल. ती कुठे वाहते, कुठे झुकते ते तुझ्या पाठीला कळू दे, मग काय घ्यायचं ते बोलू.

रोल केज हा तुझ्या यादीतला सर्वांत गंभीर भाग आहे आणि तो मी सोलापुरात करत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत केजसाठी थंड ओढलेला, बिनजोड, साध्या कार्बन पोलादाचा पाइप लागतो, निदान ३५० मेगापास्कल ताकदीचा. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची २.५ जाडीची, किंवा ५० ची २ जाडीची. आपल्याकडे तीन गोष्टी सर्रास होतात. एक, नळकामाचा जीआय पाइप, तो जोडाचा असतो आणि वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो तो वेगळाच. दोन, साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेली बॉयलर ट्यूब, ‘बिनजोड आहे हो’ म्हणून. ती वर्षानुवर्षं उष्णतेत राबलेली, आतून खाल्लेली असते. नवी आणलीस तरी नेहमीच्या ३२० ग्रेडच्या ट्यूबची खात्रीची ताकद ३२० चीच, म्हणजे लागते त्यापेक्षा कमी. तीन, सायलेन्सरवाल्याकडून पाइप वाकवून घेणं. केजच्या वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट हवी आणि वळणावर पाइप चपटा होता कामा नये. सायलेन्सरच्या मशीनवर तो आतल्या बाजूने चुरगळतो, आणि अपघातात पहिला तिथेच दुमडतो.

केजचे पायही तितकेच महत्त्वाचे. कमानींच्या प्रत्येक पायाखाली गाडीच्या पत्र्यावर निदान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट वेल्ड केलेली लागते, आणि पाय बोल्टचा असेल तर निदान तीन ८.८ चे ८ मिलिमीटर बोल्ट. कुजलेल्या पत्र्यावर ही प्लेट लावलीस तर पाइप कितीही भारी असला तरी तो पत्रा फाडून खाली जाईल. हे काम पुण्यात किंवा कोईमतूरला, शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्याकडेच करून घे. तोवर केजशिवायच चालव, पण चांगली बकेट सीट चार बोल्टवर घट्ट, हेल्मेट आणि अंगठ्याएवढाही ढिला नसलेला बेल्ट. अर्धवट केज असलेली गाडी हेल्मेटशिवाय चालवायची नाही, डोकं पाइपवर आपटतं. हार्नेस घेशील तर नवाच घे आणि त्यावर लिहिलेली मुदत वाच. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ सरळ गेले पाहिजेत, पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त खाली उतरले तर धक्क्यात ते पाठीचा कणा दाबतात.

उष्णतेचं आपल्याला सांगायला नको. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यात गाडीची चाचणी घेशील तर रेडिएटर पहिला बोलेल. आपल्याकडचे मिस्त्री गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकतात. काढू नकोस. तो इंजिनला ठरल्या तापमानावर धरतो, तो काढून गाळ भरलेल्या रेडिएटरचा दोष झाकला जातो, जात नाही. रेडिएटर काढून त्याच्या नळ्या साफ करून घे, नाहीतर नवा टाक. प्रेशर कॅप नवी, होज पाइप नवे, कुलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी एकदाही घालू नकोस, आपल्या पाण्यातला क्षार आत दगडासारखा बसतो. हवा काढल्याशिवाय टोपी बंद करू नकोस.

भंगार बाजाराबद्दल तू विचारलं नाहीस, पण तू तिथे जाणारच. पुण्याचा बाजार जवळ, मुंबईत कुर्ला मोठा. तिथून नकल, हब, दरवाजे, काचा, ब्रॅकेट, स्टेपनी आण. नकल अपघातातल्या गाडीची असेल तर वाकलेली असू शकते, डाव्या-उजव्या दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून माप घे. बेअरिंग, बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, ब्रेकची नळी, बेल्ट आणि हेल्मेट भंगारातून कधीच नाही. इंजिन घेणार असशील तर नंबर घासलेला नाही ना ते बघ आणि पावतीवर तो नंबर लिहून घे. चोरीच्या गाडीचं इंजिन तुझ्या दारात आलं तर पोलीस तुलाच विचारतील. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. तेव्हा एमएच १३ ची पाटी लावून ही गाडी विजापूर रोडवर फिरवू नकोस, ट्रॅकपर्यंत फ्लॅटबेडवर ने.

शेवटी चाकांचा टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. त्यासाठी महागड्या अलाइनमेंट मशीनवर अवलंबून राहायचं कारण नाही, आपल्या गावात सूत आहे. मी पूर्व भागातल्या एका कारखान्यातून ताण्याचं पीळदार सूत आणतो, ताणलं तरी तुटत नाही आणि मध्ये झुकत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी कर, स्टीअरिंग सरळ बांध. दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर, पुढे-मागे घोड्या ठेवून सूत ताण. पुढच्या दोन्ही हबच्या मध्यापासून सुताचं अंतर सारखं कर, मागच्या दोन्हीचंही सारखं कर. पुढचं आणि मागचं आपापसात वेगळं आलं तरी चालेल, तो गाडीच्या पुढच्या-मागच्या रुंदीतला फरक आहे. आता रिमच्या पुढच्या कडेपासून सूत किती लांब आणि मागच्या कडेपासून किती, ते स्टीलच्या पट्टीने मोज. फरक म्हणजे टो. एक जण मोजेल, दुसरा वहीत लिहील, मग जागा बदलून पुन्हा मोजा. दोघांचे आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले तरच टाय रॉड फिरवायचा. पुढच्या चाकांना शून्य टो ठेवून सुरुवात कर. टाय रॉड फिरवला की गाडी दोन-तीन हात पुढे-मागे ढकलून पुन्हा मोज, नाहीतर टायर जागेवर पिळलेला राहतो आणि आकडा खोटा येतो.

करीवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती गाड्या उभ्या केल्या, त्यांच्याच नावाने तो ट्रॅक आहे. कोईमतूरही आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव. आपल्याकडच्या लेथवर, आपल्याकडच्या हातांनी हे काम होतं याबद्दल मला शंका नाही. जगभरच्या गाड्यांचे कॅमशाफ्ट याच सोलापुरात बनतात.

आता एवढं कर. या रविवारी गाडी घोडीवर चढव, चारही चाकं काढ. लोअर आर्म ज्या पत्र्यावर बसतो तिथे, आणि मागच्या स्ट्रटच्या वरच्या टोपीजवळ, खरवडून गंज काढ आणि जाड स्क्रू ड्रायव्हरने जोरात टोचून बघ. मला फोटो पाठव. टोक आत गेलं तर बाकी सगळं थांबव, एक रुपयाचाही पार्ट घेऊ नकोस, गाडी आधी डेंटरकडे ने.